रीबूट झाला की लाईटवरच ढकलायचं का

आमच्याकडे कम्प्युटर मधीच रीस्टार्ट झाला की कोणी कारण शोधत नाही, "लाईट गेली असन" म्हणतात न सोडून देतात, मे महिन्यात तर व्होल्टेज असं नाचते की इन्व्हर्टर असून पण तेच खरं वाटते. पण कर्नल पॅनिक (म्हणजे सिस्टमचा मुख्य गाभा, कर्नल, चुकून बंद पडणं) झालं तरी मशीन अशीच रीस्टार्ट होते, बाहेरून काही समजत नाही. म्हणून जिनिंगच्या काट्यावरच्या मशीनमधी फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच एक ऑपरेटिंग सिस्टम) टाकताना स्वॅपसाठी, म्हणजे रॅम कमी पडली तर डिस्कवर वापरायच्या जागेसाठी, मी अडून बसलो. तिथला मित्र म्हणे, "सोळा जीबी रॅम हाय ना बे, स्वॅप कायले पाहिजे?"

रॅम पुरते, मान्य. पण पॅनिकच्या टायमाले कर्नलचाच भरोसा नसते, त्याच्या हातून फाईल सिस्टममधी काही लिहून घेतलं तर आहे तो डेटा पण जायचा, म्हणून तो मेमरी सरळ स्वॅप पार्टिशनच्या शेवटाकडच्या जागेत ओतते (यालेच डम्प म्हणतात), न पुढच्या बूटले सेव्हकोर नावाचा प्रोग्राम ते उचलून वार-क्रॅश (/var/crash) फोल्डरमधी ठेवते (म्हणजे /var मधी पण तेवढी जागा पाहिजे, हे लोकं विसरतात). लाईट गेली तर यातलं काहीच होत नाही. डम्प सापडला तर लाईटचा दोष नाही हे पक्कं, नाही सापडला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) पण असू शकते.

आता स्वॅप किती द्यायचा? पूर्ण डम्प घ्यायचा तर रॅमपेक्षा थोडा जास्तच. पण डिफॉल्टमधी मिनीडम्प असते, कर्नल वापरत असलेलीच मेमरी त्यात जाते, म्हणून बहुतेकदा लय कमीत भागते. झेडएफएसवाला (फ्रीबीएसडीतली एक फाईल सिस्टम) इन्स्टॉलर आपल्या मनानं 2 जीबी सुचवते, ते मले कमी वाटते, जागा पुरली नाही तर डम्पच होत नाही. हार्डडिस्क मोठी असन तर रॅमएवढा द्या न मोकळे व्हा, कारण नंतर पार्टिशन सरकवणं डोक्याले ताप. 120 जीबीची एसएसडी असन तर 8 जीबी न सोबत झेडएसटीडी कॉम्प्रेशन (डम्प दाबून लहान करायची पद्धत), ते फ्रीबीएसडीच्या 12 व्या व्हर्जनपासून आहे. स्वॅप झेडव्हॉलवर (झेडएफएसच्या आत बनवलेल्या डिस्कवर) नका ठेवू, वेगळं पार्टिशनच पाहिजे.

लिनक्सवाल्यांनी हा हिशोब धरू नये, तिथं केडम्प (लिनक्सची डम्प घ्यायची सोय) रॅमचाच एक तुकडा आधीच राखून ठेवते, स्वॅपचा संबंध नाही.

आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमधी डम्पडेव्ह ऑटो करा, डम्पऑन कमांडनं डम्पचं डिव्हाइस बरोबर दिसते का पाहा, न एकदा मुद्दाम पॅनिक करून पाहा. फक्त कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या आधी, काट्यावर लाईन लागल्यावर हा प्रयोग केला तर शेतकरी सोडत नाही.