पंधरा मेंढ्यांचा फिरता निवारा: आधी जमीन, मग छप्पर

मेंढ्यांसाठी शेड बांधायचं म्हटलं की बोलणं पत्र्यापासून सुरू होतं आणि पत्र्यावरच संपतं. खरं नुकसान मात्र पायाखालून होतं. दख्खनी किंवा माडग्याळ मेंढी माणदेशातल्या मोकळ्या माळावर थंडी-वारा बिनतक्रार सोसते. ओल्या, लेंड्या-मुताने कालवलेल्या जमिनीवर रात्रभर बसवली की आठवड्याभरात लंगडायला लागते. पोटाखालची लोकर भिजली की लवकर वाळत नाही आणि खूर मऊ पडतो. मऊ खुराच्या बेचक्यातूनच सड आत शिरते.

धनगरांचा वाघरीचा (जाळीच्या कुंपणाचा) वाडा हाच मुळात फिरता गोठा आहे. जाळी, खुंट्या, दोन-चार रात्री मुक्काम, मग पुढचं शेत. पुणे-साताऱ्याकडचे काही धनगर भातकापणीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी घाटावर परततात, त्यामागे चाऱ्याइतकंच ओल्या जमिनीचंही कारण आहे. आपण एका जागी राहून दहा-पंधरा मेंढ्या पाळणार असू, तर तीच फिरती आपल्या शेतातल्या शेतात करायची.

आधी मापं. मोठ्या मेंढीला छपराखाली साधारण १ चौरस मीटर, म्हणजे १० ते ११ चौरस फूट जागा लागते, आणि मोकळ्या आवारात त्याच्या दुप्पट. पंधरा मेंढ्यांसाठी एकच मोठा निवारा करण्यापेक्षा ८ × १० फुटांचे दोन करावेत, हे आमचं ठाम मत. एकात सात, फार तर आठ मेंढ्या बसतात. मोठा सांगाडा ओढताना पिळतो, वळवता येत नाही आणि शेवटी एकाच जागी रुतून बसतो. फिरता निवारा फिरायचा थांबला की तो साध्या शेडपेक्षाही वाईट, कारण त्याच्याखाली ना मुरूम असतो ना निचरा. शेवटच्या महिन्यातल्या गाभण मेंढ्या असतील तर एकात पाचच ठेवा. मेंढा वेगळा बांधा.

सांगाड्याच्या तळाला दोन लांब बाजूंनी ३ इंची लोखंडी पाईप, प्रत्येकी ११ फूट, टोकं वर वळवलेली. हे घसरपाय. त्यांच्यावर दीड इंची चौकोनी पाईपचे (२ मिमी जाडी) सहा खांब, एका बाजूला ६ फूट, दुसऱ्या बाजूला ५ फूट उंच. म्हणजे आठ फुटांत एक फूट उतार, तो पुरतो. छप्पर ९ × ११ फूट, अर्धा मिमी पत्रा. कडेने २ इंची चौकटीची, १० गेजची वेल्डेड जाळी. कोंबड्यांची पातळ जाळी भटकी कुत्री तोडतात. बिबट्याचा वावर असेल तर छपराखालची मोकळी फटही जाळीने बंद करा. बुटक्या बाजूला खालचे तीन फूट पत्र्याने बंद ठेवा आणि ती बाजू पावसाळ्यात नैर्ऋत्येला करा. बाकी तिन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या. चारही कोपऱ्यांत तिरके आधार मारायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या ओढीतच वेल्डिंग सुटतं.

हा सांगाडा फरशीशिवाय २०० किलोच्या आसपास भरतो. आठ माणसं सरकवतात, ट्रॅक्टर तर सहज ओढतो. ओढताना दोर दोन्ही घसरपायांना बांधून मध्ये एकत्र आणावा. एकाच बाजूने ओढलं की चौकट तिरपी होते. आणि इथेच वळवाच्या वाऱ्याचा हिशेब करायचा. ताशी ८० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण ३० किलोचा दाब देतो. छप्पर ९ चौरस मीटरचं, म्हणजे उचलणारं बळ २७० किलोपर्यंत जाऊ शकतं, निवाऱ्याच्या वजनापेक्षा जास्त! म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर १६ मिमी सळईची दोन फुटी खुंटी बाहेरच्या बाजूला झुकवून ठोकायची आणि साखळीने घसरपायाला बांधायची. मुरमाड जमिनीत ती पक्की धरते. काळ्या मातीत पाऊस पडला की ढिली होते, तिथे खुंट्यांच्या जोडीला प्रत्येक कोपऱ्यावर वाळूचं ५० किलोचं पोतं बांधा.

उन्हाळ्या-हिवाळ्यात फरशी लागतच नाही. कोरडी जमीन हीच फरशी, फक्त दर दोन रात्रींनी निवारा पुढे सरकवायचा. खुराच्या सडीचे जंतू ओल्या जमिनीत साधारण आठवडाभर, कधी दहा दिवस तग धरतात. त्यामुळे सोडलेल्या जागेवर दोन आठवडे परत यायचं नाही. हिशेब सोपा आहे: दोन रात्रींची एक जागा, तर आठ जागांचं चक्र. दोन निवारे आणि त्यांना लागून मेंढीमागे २० ते २२ चौरस फुटांचं वाघरीचं आवार धरलं तर चार गुंठ्यांत एक फेरी बसते. ही जागा नांगरटीखाली जाणारी असावी, चराऊ गवताची नको. लेंड्यांतल्या जंतांच्या अंड्यांमधून उबदार ओलीत आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि गवताच्या पात्यावर चढतात. पिकाच्या रानात त्याच लेंड्या खत होतात.

पावसाळ्यात उचललेली फरशी हवीच. लांब बाजूच्या खांबांना आतून जमिनीपासून एक फुटावर अँगल वेल्ड करून ठेवा. त्यावर एकेक फुटाच्या अंतराने आडवे पाईप टाकायचे, दहा फुटांत ११ लागतात. त्यावर २ × २ फुटांच्या प्लास्टिकच्या जाळीदार फरश्या, एकूण २०. सगळं सुटं, निवारा हलवताना बाहेर काढता येईल असं. आठ फुटी पाईपला मधोमध टेकू लागतो. जमिनीवर लाकडी ठोकळे ठेवून त्यांवर निवाऱ्याच्या लांबीच्या दिशेने एक तुळई टाका. हा टेकू गाळला तर सात मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या की फरशी झोल खाते, आणि हलत्या फरशीवर मेंढी बसत नाही. रात्रभर उभी राहते, रवंथ कमी होतो.

फरशीतल्या भेगेचं माप फार महत्त्वाचं. मोठ्या मेंढ्यांना १५ ते १८ मिमी. त्याहून कमी ठेवली तर पावसाळी हिरव्या चाऱ्यावरची मऊ लेंडी अडकते, वरून तुडवली जाते आणि चार दिवसांत भेग बुजते. लाकडी पट्ट्या वापरायच्या असतील तर दोन इंच रुंद, सव्वा इंच जाड, आणि रुंद बाजू वर, अरुंद खाली अशी तासलेली घ्या. भेग खाली रुंदावत गेली की अडकलेलं आपोआप सुटतं. स्क्रू खालून मारा. वरून मारलेला खिळा लाकूड झिजलं की डोकं काढतो आणि खुरात किंवा कासेच्या सडात घुसतो. गोल बांबू टाकू नका, ओला झाला की पाय घसरून मुरगळतो.

महिन्याच्या आतल्या कोकरांचा पाय १५ मिमीच्या भेगेत जातो आणि कोकरू दचकून उडालं की पायाची नळी मोडते. व्यालेल्या मेंढीसाठी एका कोपऱ्यातल्या चार फरश्यांवर रबरी मॅट टाकून त्यावर कडब्याचा भुगा किंवा वाळलेलं गवत पसरा आणि भिजलेलं रोज बदला. ओल्या अंथरुणात कोकरांना रक्ती हगवण लागते.

दार आठ फुटी बाजूला, तीन फूट रुंद. मेंढ्या एकेक करून येत नाहीत, सगळ्या एकदम घुसतात. अरुंद दारात गाभण मेंढीचं पोट चेपतं. चढायला तीन फूट लांबीची फळी, तिच्यावर दर सहा इंचांवर आडवी पट्टी.

फरशीखालची जागा पोत्यांनी बंद करायचा मोह आवरा. संध्याकाळी आत मेंढीच्या तोंडाच्या उंचीवर खाली बसा आणि दहा श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठला आहे, लगेच जागा बदला. पावसाळ्यातही दर चार-पाच दिवसांनी हलवाच, आणि मागे राहिलेल्या लेंड्या त्याच दिवशी फावड्याने गोळा करा. शेणकालवलेल्या चिखलात निळ्या जिभेचा रोग पसरवणारी चिलटं वाढतात.

एवढं करूनही एखादी लंगडलीच तर तिला वेगळी करून खूर साफ करा आणि १० लिटर पाण्यात १ किलो झिंक सल्फेट कालवून त्यात पाय बुडवून उभी करा. नंतर कोरड्या जागी तासभर थांबवा, चिखलात गेली तर औषध धुऊन जातं. मोरचूदही (कॉपर सल्फेट) चालतं, पण त्यात तांबं असतं आणि मेंढीला तांबं फार लवकर बाधतं. ते पाणी तिने पिऊ नये म्हणून आधी चांगलं पाणी पाजून मगच पाय बुडवायला न्या, आणि उरलेलं कुरणात ओतू नका.