मोडेम जोडला जायचा, पण पुढे काहीच नाही

घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकायचं, त्यालाच गेटवे, म्हणजे घरचं नेटवर्क इंटरनेटला जोडणारं यंत्र, करायचं आणि बाकीची दोन यंत्रं त्याच्यामागून डायल-अपवर (फोनलाइनच्या इंटरनेटवर) चालवायची, एवढाच माझा बेत होता. मोडेम नंबर फिरवायचा, खर्रखर्र करून गप्प व्हायचा, पीपीपीडी (फोनलाइनवरचं कनेक्शन सांभाळणारा प्रोग्रॅम) आयपी पत्ता मिळाल्याची नोंद लॉगमध्ये टाकायचा. पान मात्र एकही उघडायचं नाही.

पहिले दोन तास मी मोडेमच्याच मागे लागलो होतो. चॅट स्क्रिप्ट (मोडेमला द्यायच्या आज्ञांची यादी) पुन्हा लिहिली, सिरियल पोर्टचा वेग ११५२०० वरून खाली आणला, फोनची वायरसुद्धा बदलली. खरं तर पत्ता मिळाला होता, म्हणजे डायल करणं, लॉगिन, पीपीपीची बोलणी हे सगळं पार पडलेलं होतं. पण जी वस्तू आवाज करते तिच्यावरच पहिला संशय जातो.

मग पिंग करून, म्हणजे एकेका पत्त्याला डेटाचं छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते, बघितलं. लाइनच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता लगेच उत्तर देत होता. त्याच्या पुढचा कुठलाही पत्ता दिला की ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, तिथवर पोचता येत नाही. ही तक्रार कोण करतंय ते नीट वाचायला मला बराच वेळ लागला: १९२.१६८.०.१. म्हणजे माझाच गेटवे, घरच्या नेटवर्ककडे तोंड असलेलं त्याचं कार्ड! पॅकेट फोनलाइनवर गेलंच नव्हतं. ते इथरनेटवर कुणाला तरी हाका मारत होतं आणि एआरपीला (‘हा पत्ता कुणाचा?’ या घरच्या नेटवर्कवरच्या हाकेला) कुणी ओ देत नव्हतं.

‘नेटस्टॅट -आरएन’ देऊन रूटची, म्हणजे कुठल्या पत्त्याचं पॅकेट कुठून पाठवायचं याची, यादी बघितली. पलीकडच्या टोकासाठी पीपीपी० (फोनलाइनचं कनेक्शन) वरून एक स्वतंत्र रूट होता, म्हणून तेवढं पिंग चालत होतं. शेवटच्या ओळीत मात्र ०.०.०.० (डिफॉल्ट रूट, म्हणजे बाकी सगळ्या पत्त्यांसाठीची वाट) समोर १९२.१६८.०.२५४ आणि ईटीएच०, म्हणजे इथरनेट कार्ड. हा पत्ता जुन्या राउटरचा. तो काढून टाकून महिने झाले होते. हा संगणक तेव्हा त्याच्यामागे साधा क्लायंट म्हणून होता आणि कार्डाच्या सेटिंगमधली गेटवेची ओळ तशीच राहून गेली होती. पीपीपीडीला मी ‘डिफॉल्टरूट’ सांगितलं होतं, पण आधीचा डिफॉल्ट रूट असेल तर तो आपणहून त्याला हात लावत नाही. तसं त्याने लॉगमध्ये लिहिलंही होतं, ‘नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डिफॉल्ट रूट’. पत्ता मिळाल्याची ओळ दिसली की मी वाचणं थांबवत होतो, आणि ही ओळ होती तिथेच, जवळच. ‘रिप्लेसडिफॉल्टरूट’ हा पर्यायही सापडला, पण मेलेल्या राउटरचा रूट ठेवून रोज तो बदलत बसायचा कशाला? सेटिंगमधली ओळच उडवली. पुन्हा डायल केलं आणि गेटवेवरून बाहेरचं पिंग सुरू झालं.

घरातली बाकीची यंत्रं अजून ठप्पच. इथे टीसीपीडंपने (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने) काम सोपं केलं. एका यंत्रावरून पिंग चालू ठेवलं: ईटीएच० वर पॅकेट येताना दिसे, पीपीपी० वर काहीच नाही. आयपी फॉरवर्डिंग (एकीकडून आलेली पॅकेट दुसरीकडे पुढे पाठवणं) बंद, म्हणजे ‘आयपी_फॉरवर्ड’मध्ये शून्य. तिथे १ लिहिल्याबरोबर पॅकेट पीपीपी० वर उमटायला लागली, पण पाठवणारा म्हणून १९२.१६८.०.१० हाच खाजगी पत्ता घेऊन. असल्या पत्त्याला इंटरनेटवरून उत्तर येणार तरी कुठून? आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या पॅकेटसाठीच्या नियमांत) पीपीपी० साठी मास्करेडचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर गेटवेचा त्या वेळचा पत्ता लावण्याचा, नियम घातला. दर वेळी डायल केल्यावर पत्ता बदलतो, त्यामुळे एकच ठरावीक पत्ता लावणारा एसनॅट इथे उपयोगाचा नव्हता.

आता आकड्यांनी पिंग जात होतं, नावाने नाही. हसावं की रडावं कळेना: दोन्ही यंत्रं नावं विचारत होती ती त्याच १९२.१६८.०.२५४ ला. त्यांच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधण्याच्या सेटिंगमध्ये) इंटरनेट सेवादाराचे सर्व्हर घातले आणि पहिलं पान ओळीओळीने उतरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी गेटवे रीबूट केला आणि सगळं पुन्हा बंद. हाताने लिहिलेला १ आणि मास्करेडचा नियम, दोन्ही मेमरीतच होते. फॉरवर्डिंग सिसकंट्रोलच्या (सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या) फाइलमध्ये टाकलं, नियम सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये. मग मुद्दाम आणखी एकदा रीबूट केला आणि या वेळी लॉग शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.