आमची वाटचाल : भ आणि म यांच्या मधली फट

आम्ही तिघं. मी, माझा भागीदार आणि फॉन्टच्या आतलं कोडिंग सांभाळणारी एक मुलगी. सुरुवात जाहिरातींच्या लेटरिंगपासून झाली. मग मासिकांची शीर्षकं आली आणि हळूहळू अख्खे देवनागरी फॉन्ट. डोळ्यांनी कमी दिसतं अशा वाचकांचा विचार तेव्हा आमच्या गावीही नव्हता.

तो विचार एका चुकीतून आला. एका संस्थेला मोठ्या अक्षरातली पुस्तिका हवी होती. आम्ही आमचाच पुस्तकी फॉन्ट उचलला, २४ पॉइंटवर नेला, ठळक केला आणि फाइल पाठवून मोकळे झालो. पुस्तिका छापून वाटली गेल्यावर एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. "अक्षरं मोठी आहेत हो, पण भ आहे की म, ते मला वाक्य संपल्यावर कळतं."

आम्ही त्यांना भेटायला गेलो. बाईंच्या दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब झालेला. सरळ बघितलं की नेमकं बघायचं तेच गायब होतं, म्हणून त्या कागद डावीकडे धरून डोळ्याच्या कडेने वाचतात. 'भार' त्यांनी 'मार' वाचला, थांबल्या, पुढचे चार शब्द वाचले, मागे आल्या आणि म्हणाल्या, "भार." प्रत्येक ओळीत हे असं दोनतीनदा. तासभर बसलो तेव्हा लक्षात आलं की त्या वाचत नव्हत्या, कोडी सोडवत होत्या.

घरी येऊन आम्ही आमचा भ स्क्रीनवर धूसर करून पाहिला. भ-म, ध-घ, थ-य या तिन्ही जोड्यांत फरक जवळपास एकाच जागी असतो: डावीकडे वर शिरोरेघ तुटते की नाही, आणि तिथे आकडी वळते की नाही. आम्ही अक्षर ठळक केलं तेव्हा आकडी फुगली, फट बुजली आणि भ चा म झाला. म्हणजे ठळक करून आम्ही मदत केली नव्हती, खोडा घातला होता. ब चं तेच. पोटातली तिरकी रेघ जाड झाली की पोट भरून जातं आणि काळा व उरतो.

रोमन लिपीत या वाटेने बरंच काम झालेलं आहे. अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये आणलेल्या 'ॲटकिन्सन हायपरलेजिबल'चं सूत्र असं की अक्षरं एकसारखी सुबक दिसण्यापेक्षा एकमेकांपासून वेगळी दिसली पाहिजेत. तिथे कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एकचा आकडा यांची गफलत होते. सूत्र आम्ही घेतलं, पण उत्तरं उचलता येईनात, कारण आपली लिपी तीन मजली. रोमनमध्ये छोट्या अक्षरांची उंची वाढवली की बरंच साधतं. आपल्याकडे मधला मजला वाढवला की वरच्या मात्रा चेपतात आणि खालचे उकार पुढच्या ओळीच्या वेलांटीत अडकतात. अनुस्वाराचा ठिपका मोठा केला तर तो मात्रेला चिकटतो, आणि लहान ठेवला तर 'त्यांना'चं 'त्याना' होतं. शेवटी ठिपका मोठा करून मात्रेपासून उजवीकडे सरकवला आणि ओळींमधली जागा वाढवली. पानं वाढली. त्याला इलाज नाही.

अक्षरांमधल्या जागेनेही छळलं. रोमनमध्ये सॉफ्टवेअरमधून अक्षरं एकमेकांपासून लांब करता येतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात, आणि ज्या फटीवर भ ओळखायचा तशाच फटी सगळीकडे दिसायला लागतात. म्हणून मोकळीक फॉन्टमध्येच भरावी लागली. शिरोरेघेची टोकं शेजारच्या अक्षरात थोडी घुसवली, म्हणजे वाचकाने जागा जराशी वाढवली तरी रेघ सलग राहते.

मग भागीदाराशी वाजलं. बोरूच्या वळणाची जाडबारीक रेघ हा त्याचा जीव की प्राण, आणि धूसर दिसणाऱ्याला आधी नाहीशी होते ती बारीक रेघच. मी रेघ जवळजवळ एकाच जाडीची केली, तर तो म्हणाला, "ही तारेची खेळणी झाली." खरं सांगायचं तर होतीच. आज फॉन्टमध्ये थोडं वळण शिल्लक आहे ते त्याच्या हट्टामुळे. भ मधली फट मात्र मी अवाजवी वाटेल इतकी रुंद ठेवली आहे, तिला त्याने हात लावायचा नाही असं ठरलंय.

आणखी एक समज मोडला तो काचबिंदू असलेल्या एका काकांमुळे. त्यांना मधलं स्वच्छ दिसतं, कडेचं गेलेलं. २४ पॉइंटची ओळ समोर ठेवली तर त्यांच्या नजरेत तीनचार अक्षरंच मावत. १४ पॉइंट दिल्यावर ते सरसर वाचू लागले. तेव्हापासून कुणी "मोठ्या अक्षरांचा फॉन्ट द्या" म्हणालं की मी आधी विचारतो, वाचणार कोण?

आकड्यांवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. शब्दात चूक झाली तर वाक्य सावरून घेतं. फोन नंबरात किंवा औषधाच्या मात्रेत १ चा ९ झाला तर सावरायला कुणी नसतं. आमच्या ९ चं डोकं आता इतकं उघडं आहे की एक ग्राहक त्याला 'आ वासलेला नऊ' म्हणतो.

या फॉन्टवर आमचं पोट चालत नाही, ते अजून जाहिरातींवरच चालतं. पण नवीन प्रूफ निघालं की पहिली प्रत बाईंकडे जाते. त्या जाड काळ्या स्केचपेनने वह्या तपासाव्यात तशी तपासून परत पाठवतात. मागच्या खेपेला भ आणि म वर काही खूण नव्हती. ट आणि ढ भोवती मात्र मोठं वर्तुळ, आणि खाली लिहिलेलं : "दोघांत ढ कोण, ते आधी ठरवा."