झुंड, पासपोर्ट अन् आमच्याकडचे कागद

परवा झुंड परत पाहिला. मार्च २०२२ ला आला तेव्हा यवतमाळला जाऊन थेटरात पाहिला होता आणि तेव्हापासून ज्याच्याशी बोलावं तो एकच म्हणते, पहिला हाफ जबरदस्त होता पण इंटरवलनंतर लय लांबवला भाऊ. आता तीन तासाचा पिक्चर आहे हे मान्य, एकदोन ठिकाणी स्लोमोशन कापलं असतं तर चाललं असतं हेपण मान्य. पण लोकं ज्याला लांबवला म्हणतात, म्हणजे कॉलेजवाल्यांसोबतची मॅच होऊन गेल्यावर पोट्टे परदेशातल्या स्पर्धेला जायला पासपोर्टसाठी फिरतात तो भाग, माझ्यासाठी पिक्चरचा जीव तिथंच आहे.

कारण मी पांढरकवड्याकडे एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. गावात सगळे अजून सेतूच म्हणतात. दिवसभर दाखले, आधार, सातबारा, हेच काम.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नागपूरचे विजय बारसे सर, हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते, त्यांनी पावसात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटकी बादली लाथाडत फुटबॉल खेळताना पाहिलं आणि तिथून २००१ मध्ये स्लम सॉकर सुरू झालं. पुढं २०१६ ला याच संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. पिक्चरमध्ये त्यांचं नाव विजय बोराडे आहे, काम अमिताभनं केलं आहे, आणि नागराज मंजुळेचा हा पहिला हिंदी पिक्चर. पोट्टे बहुतेक नागपूरचेच घेतले, त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअरपण भेटला. त्यांची हिंदी ऐकून थेटरात आमच्या अख्ख्या लाईनीत हशा, असं वाटे की बसस्टँडवरचेच पोट्टे पडद्यावर बोलून रायले. आणि जयंतीचा नाच अन् बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडणारा अमिताभ, एवढ्या मोठ्या हिंदी पिक्चरमध्ये ते पाहताना मला फार भरून आलं होतं.

पण या कोचकडं नीट पाहा. हा माणूस पूर्ण पिक्चरमध्ये फुटबॉल किती शिकवतो? फार कमी. आधी पैसे देऊन खेळायला लावतो, मग पैसे बंद करतो तरी पोट्टे येतातच, मग त्यांना घरी बोलावून एकेकाची कहाणी ऐकून घेतो. आणि त्यानंतर त्याचा सगळा वेळ जातो दारोदार फिरण्यात, याचा पासपोर्ट, त्याची पोलीस केस, हिची ओळख. मला तर वाटते नागराजला कोच या माणसाचं काम बरोबर समजलं आहे. आमच्याकडच्या कोणत्याही पीटी सरला विचारा, शिट्टी वाजवायचं काम सोपं आहे म्हणतील.

रिंकू राजगुरूची मोनिका आठवा. आदिवासी पोरगी, खेळात चांगली, आणि तिचा बाप पासपोर्टसाठी लागणाऱ्या ओळखीच्या पुराव्यासाठी या दारातून त्या दारात फिरतो. ते सीन चालू असताना थेटरात काही लोकं मोबाईल पाहून रायले होते. मी पाहत होतो त्या बापाचं उभं राहणं. टेबलापासून थोडं लांब, बोलावल्याशिवाय पुढं यायचं नाही. माझ्या सेंटरवर कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारा माणूस असाच दारात उभा राहतो. खुर्ची दाखवली तरी बसत नाही. हातात मेडिकलची पन्नी, तिच्यात सगळे कागद घडी करून, आणि घडीवर अक्षर पुसून गेलेलं.

असेच एक वडील आले होते. पोरगी आश्रमशाळेत, फुटबॉलमध्ये जिल्ह्याला टीम जिंकली आणि आता विभागाला अमरावतीला जायचं होतं, सतरा वर्षांखालच्या गटात. म्हणे, "मास्तरनं पाठवलं जी, जन्माचा कागद लागते म्हणे." पाहतो तर जन्माची नोंदच नाही, घरी जन्मलेली. आधारवर तारीख १ जानेवारी. आमच्याकडं पोडावर निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो, कारण आधार काढताना तारीख माहीत नव्हती म्हणून वर्षाचा अंदाज टाकून दिला. शाळेच्या रजिस्टरात वेगळीच तारीख, आणि आधारच्या हिशोबानं पोरगी गटातून बाहेर. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, आणि बदलायला कागद लागतो जन्माच्या दाखल्याचा, आणि जन्माला वर्ष उलटून गेलं की नोंद करायला सरळ ग्रामपंचायतीत जाऊन होत नाही, आदेश आणावा लागतो. कागद काढायला कागद लागतो तो हा असा. तिचे पीटी सर स्वतःची गाडी घेऊन फिरले, अंगणवाडीचं जुनं रजिस्टर शोधलं, आशाताईला घेऊन आले, रविवारी पोडावर जाऊन बापाचा अंगठा घेतला. दाखला निघाला, पण तोवर टीम अमरावतीवरून परत आली होती. पोरगी आता एकोणीसच्या गटात खेळते, डिफेन्सला, आणि तिच्या बाजूनं सहसा कोणी निघून जात नाही.

आता यात पिक्चरमधली स्पर्धा जोडून पाहा. होमलेस वर्ल्ड कप, म्हणजे बेघर लोकांची फुटबॉल स्पर्धा, २००३ पासून चालू आहे, पहिला ऑस्ट्रियात ग्राझला झाला. एका बाजूला चार खेळाडू, छोटंसं मैदान, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. म्हणजे आमच्या शाळेमागच्या जागेतपण बसेल एवढा खेळ. पण नियम असा की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येते. पुढच्या वर्षी दुसऱ्याला संधी मिळावी म्हणून, नियम चांगला आहे. पण टीममध्ये नाव आलं त्या वर्षी पासपोर्ट वेळेत नाही आला तर? पुढच्या साली परत निवड होईल याची काय गॅरंटी. म्हणून तो दुसरा हाफ मला कुठंच हळू वाटला नाही, माझी धडधड मॅचपेक्षा तिथं जास्त होती.

एक खरं सांगायचं तर डिसेंबर २०१६ नंतर पासपोर्टचे नियम सोपे झाले, त्याआधी २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्याला जन्मदाखला पाहिजेच होता, मग टीसी, आधार वगैरे चालायला लागलं. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या पोरांना पुन्हा जन्मदाखलाच लागणार. म्हणजे आज पोडावर ज्या लेकराची नोंद राहून जाईल त्याची अडचण आत्ताच लिहून ठेवल्यासारखी आहे.

पिक्चरबद्दल एक तक्रार आहे, मोनिकाला अजून जागा द्यायला पाहिजे होती. पोरींचा खेळ फार कमी दिसतो, आणि तिचा बाप अन् ती यांच्यावरच वेगळा पिक्चर झाला असता.

आमच्या भागातले पीटी सर हे वाचत असतील तर विनंती आहे, टीमची यादी जूनमध्येच पाठवा, स्पर्धा तोंडावर आल्यावर नको. नाव, टीसीची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स आणि आईवडिलांपैकी एकाचा फोन. कुठं काय जुळत नाही ते मी पाहून सांगतो, या यादीसाठी रविवारीपण सेंटर उघडं ठेवीन, आणि पाहायचे पैसे घेणार नाही.