काकांची फियाट

काका गेल्यावर त्यांची फियाट बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या आमच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये आठ वर्षं उभी होती. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. पण आमच्याकडं तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून गेला. दुसऱ्यांदा तो गेला तेव्हा काकू काही न बोलता मागं गेल्या आणि गाडीवरची ताडपत्री नीट ओढून आल्या. ते बघून मी ठरवलं, ही आपणच चालू करायची. मी पतसंस्थेत कारकून. स्कूटरचा प्लग साफ करणं एवढाच माझा अनुभव. हातात फक्त रविवार.

इंजिन जाम होतं. आमच्या भागातला पाऊस माहीत असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. चार महिने भिंतींनाच ओल असते, सिलेंडरला गंज चढायला किती वेळ? अशा वेळी बॅटरी जोडून सेल्फ मारायचा मोह होतो. तो आवरावा, पिस्टनच्या रिंगा तुटतात. मी चारही प्लग काढले आणि प्रत्येक भोकात थोडं डिझेल नि इंजिन ऑईल सोडलं. रोज संध्याकाळी घरी आलो की थोडं थोडं घालत राहिलो. तिसऱ्या रविवारी गाडी टॉप गिअरला टाकून बंपरला हात लावून मागं-पुढं हलवली. पंखा बोटभर सरकला, म्हणजे इंजिन सुटत होतं. मी पुन्हा हलवली, पुन्हा सरकला. त्या दिवशी त्याहून जास्त काही केलं नाही, शेडमध्येच बसून राहिलो. नंतर सगळं ऑईल काढून नवीन भरलं, कारण वरून घातलेलं डिझेल शेवटी खाली ऑईलच्या चेंबरमध्येच उतरतं आणि पातळ ऑईलवर इंजिन चालवलं तर बेअरिंगं खराब होतात.

टाकीतल्या पेट्रोलचा व्हार्निशसारखा चिकट थर झाला होता. टाकी उतरवून आत मूठभर नट घातले, रॉकेल ओतून खळखळ हलवली, तीनदा. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. जुन्या गाडीवाल्यानं हा खर्च टाळू नये, गळकी नळी गरम इंजिनावरच ठिबकते.

खरा घोळ पुढं झाला. डेल्को म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. त्याच्या आतले पॉईंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे संपर्क, साफ करायला मी तो खूण न करता उपसून काढला. परत बसवताना एक नंबरचा पिस्टन वर आल्याचं दाखवणारी पुलीची खूण जुळवली, प्लगच्या वायरी सिलेंडर पेटण्याच्या क्रमानं, १-३-४-२ अशा लावल्या. सेल्फ मारला की कार्बोरेटरमधून फट्ट! इंजिन पकडेना. कॉईल बदलली, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलला. तीन आठवडे गेले. एकाच दिवशी दोन-दोन वस्तू बदलत होतो, त्यामुळं कशानं काय फरक पडला हेही कळत नव्हतं. शेवटी सगळं थांबवून वहीत चार स्ट्रोक काढत बसलो. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दोन फेरे घेतो तेव्हा डेल्कोचा एक फेरा होतो. म्हणजे एक नंबरचा पिस्टन दोनदा वर येतो, एकदा हवा दाबत, एकदा धूर बाहेर टाकत, आणि पुलीची खूण दोन्ही वेळा जुळते! मग एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबून धरला. मुलगी पुलीच्या नटाला पाना लावून सावकाश फिरवत होती. पहिल्यांदा खूण आली, अंगठ्याला काही नाही. पुढच्या फेऱ्याला खूण यायच्या आधीच हवेनं अंगठा उचलला. "बाबा, आलं?" "आलं!" डेल्को अर्धा फेरा फिरवून बसवला. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. आधी निळा धूर, मग ती जुनी एकसारखी घरघर. काकू स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आल्या.

ब्रेकच्या बाबतीत मी अजिबात धाडस केलं नाही. चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेकचे पट्टे ड्रमवर दाबणारे व्हील सिलेंडर गंजून बसलेले. ड्रम बेळगावला उद्यमबागेत लेथवर घासून घेतले. तिथला कानडी कारागीर प्रत्येक फेरीला "निधान, निधान", म्हणजे सावकाश, असं स्वतःशीच म्हणत होता. घरी काम करताना अजून ते माझ्या कानात असतं. व्हील सिलेंडरमधले रबरी कप बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावू नका, रबर फुगून ब्रेक धरून बसतो. ब्रेक ऑईलच लावायचं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. सगळ्यात लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. बायको पेडलवर, मी चाकाखाली: "दाब... धर... सोड." पहिले बुडबुडे, मग काळपट ऑईल, मग स्वच्छ धार. चारही चाकं होईपर्यंत दिवेलागण झाली.

सामान बरंचसं मुंबईहून मागवलं. तिथली शेवटची फियाट टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण इतकी वर्षं टॅक्सीवाल्यांनीच या गाडीच्या सुट्या भागांचा बाजार जिवंत ठेवला. फ्लोअरचा पत्रा कुजला होता, तो डेंटरकडून कापून नवा जोडून घेतला; वेल्डिंग मला येत नाही. कागदांचं म्हणाल तर पंधरा वर्षांवरच्या गाडीला नोंदणीचं नूतनीकरण लागतं, फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागते. काकूंच्या सहीची आणि वारसाच्या दाखल्याची तयारी आधी करा, माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

पहिल्या खेपेला जवळच्या नंदगडपर्यंत जायचं ठरलं. काकू मागं डाव्या बाजूला बसल्या, त्यांची नेहमीची जागा. त्या दाराचा बिजागर खचलाय, तो अजून व्हायचाय, हे त्यांना सांगायला मी मागं वळलो. त्यांनी दार हँडलला धरून किंचित वर उचललं, आत ओढलं आणि खट्कन लावलं.

"चल," त्या म्हणाल्या.