अडकलेला सेल मोकळा करताना

आज आमच्या तालुक्याच्या कॉलेजात हाफ्निअम ऑक्साइडचे बंद पडलेले मेमरी सेल तपासले, म्हणजे रोध कमी-जास्त करून माहिती साठवणारे सेल. लाइन जात-येत होती, तरी दिवस सार्थकी लागला.

बहुतेक सेल कमी रोधातच अडकलेले. सेट करताना, म्हणजे रोध कमी करताना, ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा वीज वाहणारा तंतू तयार होतो; तो फार जाड झाला की नेहमीच्या रिसेटने, म्हणजे रोध पुन्हा वाढवणाऱ्या पल्सने, तुटत नाही. आधी ०.१ व्होल्टवर रोध मोजा. मग उलट ध्रुवतेचे पल्स द्या, १ व्होल्टपासून ०.१ च्या पायरीने चढत. प्रत्येक पल्सनंतर रोध पुन्हा मोजायचाच. सेटची १०० मायक्रोअँपची करंट मर्यादा इथेही तशीच ठेवली तर तंतू तापतच नाही, तुटणार कसा? ती वाढवा. रोध चढला की लगेच थांबा, नाहीतर उलट दिशेने कायमचा ब्रेकडाउन होतो, म्हणजे ऑक्साइडचा थरच निकामी होतो.

पण खरं दुखणं सेटमध्येच असतं. उपकरणाची मर्यादा लागू होईपर्यंत लांब केबलच्या कपॅसिटन्समधला चार्ज सेलमधून सुटतो आणि तंतू जाड होतो. म्हणून काही किलोओहमचा रेझिस्टर सेलच्या अगदी जवळ लावा. रिसेटला मात्र तो काढा, व्होल्टेज त्याच्यावरच खर्च होतं.

मायक्रोस्कोपखाली इलेक्ट्रोड फुगलेला दिसला तर त्या सेलमागे वेळ घालवू नका.