जुनी गाडी घेताय? कंपनी नंतर, आधी इंजिन-गिअरबॉक्सची जोडी विचारा

‘अमुक कंपनीची जुनी गाडी घ्यावी का?’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. एकाच मॉडेलमध्ये एक जोडी वर्षानुवर्षं तक्रार न करता चालते आणि दुसरी वॉरंटी संपली की खिसा रिकामा करते. बोनेटवरचा लोगो मात्र दोन्हीकडे तोच. म्हणून जाहिरातीत ‘फर्स्ट ओनर, शोरूम कंडिशन’ वाचून हुरळून जायच्या आधी तीन गोष्टी विचारा: इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता, आणि गाडी कोणत्या वर्षाची.

वॉरंटी शिल्लक नसेल तर सगळ्यात आधी बाजूला ठेवा ते ड्राय क्लचचं ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. जुन्या बाजारात फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा डीक्यू२०० बऱ्याचदा भेटतो: पोलो जीटी टीएसआय, वेंटो, रॅपिड डिझेल ऑटोमॅटिक, १.८ टीएसआयवाली ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब. आत दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. दोन्ही कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. हायवेला याच्यासारखा गिअरबॉक्स नाही, हे मान्यच करायला हवं. पण संध्याकाळच्या हिंजवडीत गाडी तासभर सरपटत राहिली की क्लच सतत अर्धवट लागलेला राहतो, तापतो आणि झिजतो. पुढचं दुखणं मेकॅट्रॉनिकचं. पंप, अ‍ॅक्युम्युलेटर, सोलेनॉइड आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात बसवलेले. अ‍ॅक्युम्युलेटर बसतो तिथे त्या डब्याला तडा जातो, तेलाचं प्रेशर राहत नाही, डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकायला लागतात आणि गाडी जागची हलत नाही. स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड आला तर बहुतेक वेळा हेच निघतं. अख्खं युनिट कंपनीकडून बदलायचं म्हटलं तर बिल लाखाच्या वर जातं.

एजंट म्हणेल, ‘रिकॉल (दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) होऊन गेलाय, टेन्शन नाही.’ नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढला आणि गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक तेलाच्या जागी मिनरल तेल भरून दिलं, हे खरं. पण तो इलाज त्या तेलामुळे होणाऱ्या शॉर्टसर्किटवरचा होता. क्लच झिजण्यावरचा नाही आणि तड्यावरचाही नाही.

तरीही घ्यायचीच असेल तर ट्रायल गल्लीत घेऊ नका. आधी अर्धा तास गर्दीत चालवून गिअरबॉक्स तापवा. मग ब्रेक हळूहळू दाबत दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का बसतो का पाहा. शेवटी एखाद्या चढावर रिव्हर्समध्ये मागे चढवा; थरथर आली तर सम गिअरचा क्लच संपत आलाय. पोलो-वेंटोच्या २०२० नंतरच्या १.० टीएसआय ऑटोमॅटिकमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलाच्या जोरावर ताकद पुढे देणारं जुन्या पद्धतीचं ऑटोमॅटिक. त्याला यातलं काही लागू नाही. हाच तो जोडीचा फरक.

फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच ऑटोमॅटिकचीही तीच गत. ऑस्ट्रेलियात या गिअरबॉक्सच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल फेडरल कोर्टाने २०१८ मध्ये फोर्डला एक कोटी डॉलरचा दंड लावला, आणि त्या गाड्यांत इकोस्पोर्टही होती. आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस आलेल्या नव्या रूपातल्या इकोस्पोर्टला टॉर्क कन्व्हर्टर मिळाला. त्याआधीची १.५ पेट्रोल ऑटोमॅटिक कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. त्याच गाडीच्या १.० इकोबूस्ट पेट्रोल इंजिनात टायमिंग बेल्ट (वॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) इंजिन ऑइलमध्ये फिरतो. चुकीचं किंवा जुनं तेल राहिलं की बेल्टचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. १.५ डिझेल मॅन्युअल मात्र चांगली गाडी आहे, फक्त बेल्ट बदलल्याचं बिल मागा.

एएमटीला उगाच लोक याच रांगेत बसवतात. सेलेरिओपासून आलेलं एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायचं काम तेवढं अ‍ॅक्च्युएटर करतो. चढावर थांबून निघताना खूप मागे येत असेल किंवा जळका वास येत असेल तर क्लच सेटचे पैसे किमतीतून कापा आणि घ्या.

टायमिंग बेल्टचा विषय निघालाच आहे. रेनोचं १.५ डीसीआय डिझेल डस्टर, टेरानो, सनी, मायक्रा, लॉजी, व्हेरिटो अशा बऱ्याच गाड्यांत आहे. इंजिन दणकट, अ‍ॅव्हरेज उत्तम. पण बेल्ट चालू इंजिनात तुटला तर पिस्टन वॉल्व्हवर आपटतो, वॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. जाणकार मेकॅनिक ८० हजार ते १ लाख किमीला, किंवा पाच-सहा वर्षांनी, बेल्ट बदलायला सांगतात. रबर जुनं होतं, त्यामुळे कमी चाललेल्या गाडीलाही यातून सूट नाही. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदलायचे. बिलात या तिन्हींची नावं नसतील तर काम झालेलं नाही असं धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करा. ‘बदललाय साहेब, बिल सापडत नाही’ याचा अर्थही तोच. हॅरिअर आणि कंपासच्या २.० डिझेललाही बेल्टच आहे.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली ही गाळणी काजळी धरून ठेवते आणि गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात चालली की ती जाळून टाकते. मुलांना शाळेत सोडून परत, एवढंच रोजचं काम असलेल्या गाडीत ही जाळणी दर वेळी अर्धवट राहते, आणि त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर गाडीचं आयुष्य कुठे गेलं ते कळलं. तुमचंही रोजचं धावणं आठ-दहा किमीचंच असेल, तर डिझेल घेऊच नका. मारुतीचं १.२ के-सिरीज, होंडाचं १.२ आय-व्हीटेक, ह्युंदाईचं १.२ कप्पा, यांतलं मॅन्युअल पेट्रोल घ्या. गाडी कंटाळवाणी वाटेल, पण खर्च आधी सांगता येतो.

पुरात बुडालेली गाडी कोणत्याही कंपनीची असो, नकोच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या टोटल लॉस ठरवतात आणि त्या लिलावात जातात. त्यातल्या काही धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकायला येतात. सीटकव्हर नवीन, गाडीत अत्तराचा भपका, किंमत बाजारापेक्षा लाखभर कमी, असं असलं की सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. लोक बेल्टचा वरचा भाग धुतात, रीळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा तसाच राहतो आणि त्यावर चिखलाची आडवी रेघ दिसते. मग सीट पुढे सरकवून खालच्या रेलचा गंज बघा, मागची स्टेपनी उचलून खोबणीत बोट फिरवा, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये टॉर्च मारा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर तिथूनच परत फिरा. वायरिंगमधला गंज आज त्रास देत नाही. पुढच्या पावसाळ्यात एअरबॅगचा दिवा लागतो, मग पॉवर विंडो जाते, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद करून ठेवलाय.

गाडी बघायला जाताना आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कोल्ड स्टार्टची अडचण लपवलेली असू शकते. इंजिन गरम झालं की चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. झाकण उडत असेल आणि धूर फुसफुसत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टन रिंग गेल्या. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा हजारेक रुपयांचा ओबीडी स्कॅनर सोबत न्याच, आणि फॉल्ट कोडवर समाधान मानू नका. त्यातला ‘रेडिनेस मॉनिटर’ पाहा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते कळतं. बरेचसे मॉनिटर अपूर्ण दाखवत असतील तर एक-दोन दिवसांत कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय.

अपघाताची गाडी ओळखायला दाराचं रबरी बीडिंग ओढा. कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात. लांबी (पुट्टी) भरली असेल तर ते बुजलेले दिसतात. बंपर, फेंडर, दार रंगवलेलं चालतं. पिलर (छताला आधार देणारे खांब) आणि एप्रनला (बोनेटखालच्या आतल्या पत्र्याला) हात लागलेला चालत नाही.

दिल्ली पासिंगची डिझेल स्वस्त असते, कारण एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५ मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने. हे जोडून हिशेब करा, स्वस्ताई बरीच आटते. गाडीवर कर्ज होतं तर बँकेच्या पत्रासोबत फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा) हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात.

आणि चालू विम्याची प्रत मागा. पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्के दिसतो. ‘एक ओरखडाही नाही’ म्हणणाऱ्या सहा वर्षांच्या एकहाती गाडीच्या पॉलिसीवर तो शून्य किंवा २० टक्के असेल, तर गेल्या एक-दोन वर्षांत क्लेम झाला असण्याची शक्यता मोठी. कशाचा होता ते विचारा आणि वर्कशॉपचं बिल बघायला मागा.